एसी नसलेली होस्टेलची खोली रात्रीही तापलेलीच का राहते, आणि काय केलं की खरंच फरक पडतो

उन्हाळा आला की होस्टेलमध्ये तीच तक्रार पुन्हा सुरू होते. पंखा फुल्ल, खिडक्या सताड उघड्या, पंख्यासमोर बर्फाचं भांडं, आणि तरीही रात्री एक वाजता पाठीखालची चादर भिजलेली. मग सल्ले सुरू होतात. ओला पडदा लाव, खिडकी बंद ठेव, खिडकी उघडी ठेव, जमिनीवर झोप. यातला प्रत्येक सल्ला कुठल्या ना कुठल्या खोलीत बरोबर ठरतो, आणि दुसऱ्या एखाद्या खोलीत उलटा पडतो. वरच्या मजल्यावरच्या खोलीचं दुखणं वेगळं, पश्चिमेकडे खिडकी असलेल्या खोलीचं वेगळं आणि दमट हवेतल्या तळमजल्याचं आणखी वेगळं. म्हणून आधी खोलीत उष्णता कुठून येते ते शोधायचं, आणि मग हातपाय हलवायचे.

यासाठी तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र एका मजल्यासाठी एक असलं तरी पुरतं. ते उन्हात किंवा पंख्याच्या मोटरजवळ ठेवू नका. पहाटे, दुपारी तीनच्या सुमारास आणि रात्री दहाला खोलीतला आकडा बघा, आणि लगेच बाहेर सावलीत नेऊन तिथलाही बघा. फोनवरचं हवामान अॅप हे काम करत नाही, कारण ते तुमच्या गॅलरीतलं तापमान सांगत नसतं.

या नोंदींतून पहिला नियम आपोआप निघतो: बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार असेल तेव्हाच खिडकी उघडायची. बोलायला हे सोपं आहे, पण बहुतेक खोल्यांत नेमकं उलट चालतं. दुपारी "हवा येऊ दे" म्हणून खिडक्या उघड्या राहतात, बाहेरची ४० अंशांची हवा ३४ अंशांच्या खोलीत येते आणि भिंती, गाद्या, पुस्तकं सगळं तापवून ठेवते. संध्याकाळी मात्र डासांच्या भीतीने त्याच खिडक्या बंद होतात. सकाळी ऊन चढायच्या आत खिडक्या आणि पडदे बंद करा, बाहेरचा आकडा आतल्याच्या खाली आला की सगळं उघडा. याला अपवाद दोनच. खोलीत तीन-चार जण दिवसभर बसलेले असतील तर थोडी फट ठेवावीच लागते, नाहीतर घुसमट होते. आणि हवा दमट असेल, दिवसरात्रीच्या तापमानात फारसा फरकच पडत नसेल, तर बंद ठेवून काही साधत नाही. तिथे वारा महत्त्वाचा.

लक्षण: दुपारी चालून जातं, पण रात्री नऊ-दहानंतर भट्टी होते

हा स्लॅबचा किंवा पश्चिमेच्या भिंतीचा प्रताप. काँक्रीट दिवसभर ऊन पीत राहतं आणि ती उष्णता आतल्या बाजूला पोचायला काही तास लागतात. म्हणून बाहेर सूर्य मावळून गारवा आलेला असतो तेव्हा छताची आतली बाजू सगळ्यात जास्त तापलेली असते. खात्री करायची तर रात्री छताला (कॉटवर उभं राहून हात पोचत असेल तर) किंवा पश्चिमेच्या भिंतीला तळवा लावून बघा. तळव्याला ऊब लागली तर निदान झालं.

अशा खोलीत हवेचं तापमान ३१ दाखवलं तरी अंगाला ३५ वाटतं, कारण तापलेलं छत थेट तुमच्यावर उष्णता सोडत असतं. पंखा हवा हलवतो, ही सोडलेली उष्णता काही तो अडवत नाही. उलट छताचा पंखा छतालगत साठलेल्या गरम हवेचा थर खाली ढकलतो. म्हणून वरच्या मजल्यावर छताच्या पंख्यापेक्षा जमिनीजवळ ठेवलेला टेबलफॅन कित्येकदा बरा पडतो. डबल कॉट असेल तर वरच्या पलंगावर झोपणाऱ्याने या दिवसांत खाली गादी टाकावी. आळीपाळीने झोपायचं की कसं, ते तुमचं तुम्ही ठरवा.

याचा खरा इलाज मात्र खोलीच्या आत नाही, गच्चीवर आहे. करड्या काँक्रीटवर पडलेल्या उन्हाचा मोठा भाग ते शोषून घेतं. त्यावर चुन्याचा किंवा उष्णता परावर्तित करणाऱ्या पांढऱ्या रंगाचा हात दिला तर नव्या पांढऱ्या पृष्ठभागावरून सुमारे ७० ते ८० टक्के ऊन परत फिरतं. धूळ बसली की हा आकडा घसरतो, म्हणून दर मोसमात गच्ची धुऊन घ्यावी लागते. संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडल्यानेही स्लॅब निवतो, पण पाणी मुबलक असेल आणि स्लॅब गळका नसेल तरच हे करा, आणि परवानगी घेऊन करा. खोलीतल्या खोलीत जे करता येतं ते एवढंच: कॉट पश्चिमेच्या भिंतीपासून सरकवा आणि त्या भिंतीला कपाट किंवा पुस्तकांचं शेल्फ लावा, म्हणजे भिंत आणि तुम्ही यांच्यामध्ये काहीतरी आडोसा येतो.

लक्षण: दुपारी दोन ते सहा असह्य, नंतर हळूहळू बरं वाटतं

इथे काच दोषी आहे. थेट ऊन पडणाऱ्या एक चौरस मीटर काचेतून काहीशे वॅट उष्णता आत येते. म्हणजे छोटा रूम हीटर लावून बसल्यासारखंच झालं. उन्हाचे किरण काचेतून सहज आत येतात, पण तापलेल्या वस्तू जी उष्णता परत सोडतात ती काच तशी बाहेर जाऊ देत नाही. म्हणून आतला पडदा उपयोगी असला तरी अर्धवट. पडद्यावर ऊन पडेपर्यंत ते खोलीत आलेलंच असतं. ऊन काचेच्या बाहेरच अडलं पाहिजे.

गॅलरी असेल तर तिच्या कठड्यापासून वरपर्यंत हिरवी शेडनेट किंवा जुनी पांढरी चादर ताणून बांधा. गॅलरी नसेल आणि खिडकीला ग्रिल असेल तर ग्रिलच्या बाहेरच्या अंगाला बांबूची चटई किंवा कापड बांधता येतं. वाऱ्याने उडून खाली कुणाच्या डोक्यावर पडणार नाही इतकं घट्ट बांधा, आणि त्यासाठी खिडकीतून बाहेर लोंबकळू नका. बाहेरून काहीच शक्य नसेल तर आतून फिकट रंगाचा, बाहेरच्या बाजूने चकचकीत असलेला पडदा किंवा पांढरा पुठ्ठा लावा. गडद पडदा अंधार छान करतो, पण स्वतः तापून खोलीतच उष्णता सोडतो. चांदीसारखा कागद थेट काचेला डकवणं टाळा. रंगीत किंवा जाड काच असमान तापली तर तडकू शकते, आणि तिचा भुर्दंड तुमच्या डिपॉझिटमधून जातो.

लक्षण: बाहेर वारा आहे, खिडकी उघडी आहे, तरी आत झुळूक नाही

हवा आत यायची तर आधीची हवा बाहेर जायला वाट लागते. होस्टेलच्या बहुतेक खोल्यांना एकच खिडकी असते आणि तीही सरकती, म्हणजे निम्मीच उघडणारी. दुसरी वाट म्हणजे दार. रात्री दार उघडं ठेवायची सोय नसेल तर दारावरचं झरोक्याचं तावदान उघडतं का बघा. वर्षानुवर्षं रंग बसून ते चिकटलेलं असतं, सुतार पाच मिनिटांत सोडवतो. समोरासमोरच्या दोन खोल्यांनी दारं उघडी ठेवली तर दोन्हीकडच्या खिडक्यांमधून आरपार वारा वाहतो, आणि हा एसी नसलेल्या इमारतीतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक उपाय आहे. अडचण असते ती लाजेची आणि चोरीच्या भीतीची. दारांना अर्धे पडदे लावा, लॅपटॉप कपाटात कुलूपबंद करा.

वारा मुळीच नसेल तर टेबलफॅन खिडकीत बाहेरच्या बाजूला तोंड करून लावा. पहिल्यांदा हे वेडेपणाचं वाटतं, कारण वारा अंगावर येत नाही. पण पंखा खोलीतली साठलेली गरम हवा बाहेर फेकतो आणि कॉरिडॉरमधली, जिन्याकडची हवा दारातून आत ओढली जाते. कॉरिडॉर सावलीतला असेल तर तिथली हवा गारच असते. कॉरिडॉरच कोंदट असेल तर उलटं करा: खिडकीशी पंखा आत तोंड करून आणि दार उघडं. अर्ध्या तासाने आकडा बघा, कोणती दिशा चांगली ते यंत्रच सांगेल.

डासांची जाळी हवेचा बराच वेग खाते. धूळ बसलेली जाळी तर जवळजवळ भिंतच होते. महिन्यातून एकदा ती ब्रशने आणि पाण्याने धुवा.

लक्षण: पंखा फुल्ल आहे, पण वाराच लागत नाही

याकडे कुणी लक्ष देत नाही, आणि निम्म्या खोल्यांत खरी गोम इथेच असते. पंखा पाचवर आहे म्हणजे तो पाचच्या वेगाने फिरतोय असं नाही.

पहिली तपासणी पात्यांची. वरच्या बाजूला आणि कडांवर धुळीचा जाड थर साचलेला असतो, त्याने वारा घटतो. बटण बंद करून ओल्या फडक्याने पुसा. दुसरी तपासणी: बटण बंद असताना पातं हाताने हलकेच फिरवा. ते मोकळं फिरलं, पण चालू केल्यावर पंखा रडतखडत वेग घेत असेल, तर बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो. हा पंख्याच्या वरच्या वाटीत बसवलेला, काडेपेटीएवढा सुटा भाग. उष्णतेने आणि वयाने त्याची क्षमता उतरते, आणि पंखा हळूहळू मंदावत जातो. इतक्या हळू की खोलीतल्या कुणाला ते जाणवतही नाही. तो बदलणं हे इलेक्ट्रिशियनचं दहा मिनिटांचं आणि अगदी किरकोळ खर्चाचं काम आहे. स्वतः उघडू नका, कारण वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ भार राहू शकतो. पातं हाताने फिरवताना जड लागलं किंवा घरघर आली तर बेअरिंगचा दोष.

तिसरी तपासणी दिशेची. दुरुस्तीनंतर तारांची अदलाबदल होऊन पंखा उलटा फिरायला लागणं अगदी नेहमीचं आहे. वारा खाली येण्याऐवजी वर जातो, आवाज मात्र पूर्ण असतो. पंख्याखाली उभं राहून वर बघा: बहुतेक पंखे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरताना वारा खाली टाकतात. संशय असेल तर पंख्याखाली कागदाची पट्टी धरून बघा. आणि फक्त संध्याकाळी सात ते अकरा एवढ्याच वेळात पंखे मंदावत असतील तर विजेचा दाब (व्होल्टेज) कमी पडतोय. तो दोष एका खोलीचा नाही, तक्रार सगळ्या मजल्याची मिळून करा.

पंखा खोली गार करत नाही, तो तुम्हाला गार करतो: अंगालगतची गरम हवा हटवून आणि घाम सुकवून. त्यामुळे रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा मोटरची ५०-७५ वॅट उष्णता तेवढी भर घालतो. आणि हवा अंगापेक्षा फारच गरम असेल तेव्हा पंखा उलटा त्रास देतो. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की तापमान ४० अंशांच्या वर गेल्यावर नुसत्या पंख्यावर विसंबू नये, तो शरीर तापवतो. अशा दुपारी अंग ओलं ठेवा, किंवा खोली सोडून गार जागी जाऊन बसा.

बर्फ, ओला पडदा आणि कूलर

पंख्यासमोर बर्फ ठेवण्याचा हिशोब करून बघू. एक किलो बर्फ वितळताना साधारण ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता सोडतो, म्हणजे तासाला ३६० किलोज्यूल. तर किलोभर बर्फाने एका माणसाची तासाभराची उष्णतासुद्धा जेमतेम भरून निघते, आणि खोलीत तुम्ही दोघं-तिघं आहात. तो बर्फ खोलीतल्याच फ्रिजमध्ये केलेला असेल तर फ्रिजने मागच्या बाजूने त्याहून जास्त उष्णता खोलीत आधीच सोडलेली आहे. बर्फ वापरायचाच तर अंगाशी वापरा: गोठवलेली बाटली टॉवेलात गुंडाळून मानेशी, काखेत, पायांपाशी.

पाणी वाफ होऊन जाताना मात्र लिटरमागे सुमारे २४०० किलोज्यूल घेऊन जातं, बर्फाच्या सातपट. म्हणून कोरड्या हवेत ओलं कापड बर्फापेक्षा कितीतरी सरस. खिडकीतल्या येत्या वाऱ्यासमोर ओली चादर, दमट टी-शर्ट, मानेवर ओला पंचा, पाय बादलीत. पण हे सगळं हवा कोरडी असेपर्यंतच. ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल तर बाष्पीभवनाने हवा तत्त्वतः २३ अंशांपर्यंत उतरू शकते, आणि चांगला कूलर २६-२७ पर्यंत आणतो. तेच ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर ही मर्यादा २९ वरच थांबते, आणि खोलीत वाढलेल्या दमटपणाने घाम सुकायचा बंद होतो. म्हणून आर्द्रतेचा आकडा ६० च्या वर गेला की ओले पडदे काढा, धुतलेले कपडे खोलीत वाळत घालू नका, कूलरचा पंप बंद करून नुसता पंखा चालवा. टेबलावरचे यूएसबीवर चालणारे "मिनी एसी" म्हणजे ओली जाळी लावलेले चिमुकले पंखे. त्यांच्याकडून चेहऱ्यावर झुळूक एवढीच अपेक्षा ठेवा.

बंद खोलीतला कूलर ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. कूलरला बाहेरची कोरडी हवा लागते आणि आतली दमट हवा बाहेर जायला उघडी खिडकी किंवा दार लागतं. तो खिडकीत बसवा, समोरचं दार किलकिलं ठेवा. पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण उपसून टाकी घासा, नाहीतर त्यातच डास होतात. आणि त्याची वायर थेट भिंतीतल्या अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्येच. पाणी आणि एक्स्टेंशन बोर्ड शेजारी नकोत.

खोलीतच तयार होणारी उष्णता

दोन माणसं २०० वॅट, दोन लॅपटॉप मिळून १००, छोटा फ्रिज, दिवे, पंखा. बंद खोलीत हे सहज ४०० वॅटच्या आसपास जातं. गेमिंग लॅपटॉप एकटाच २०० गाठतो. इस्त्री आणि पाण्याची किटली संध्याकाळी चालवू नका, ते काम पहाटे उरका. बरेच फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी बनवलेले असतात, त्यामुळे उशीखाली चार्जिंगला लावलेला फोन या दिवसांत धोक्याचा आहे.

झोप

झोप लागताना शरीर आतून थोडं थंड होतं, आणि ती उष्णता हातापायांच्या त्वचेतून बाहेर पडते. म्हणून झोपायच्या तास-दोन तास आधी कोमट पाण्याने अंघोळ करा. बर्फगार पाण्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि थोड्या वेळाने पुन्हा उकडायला लागतं. फोमची गादी अंगाची उष्णता धरून ठेवते, तिच्यावर जाड सुती चादर किंवा चटई घाला, नाहीतर सरळ फरशीवर चटई टाका. पावलं आणि मनगटं ओली करून पंख्याखाली झोपा. कठडा नसलेल्या गच्चीवर किंवा छज्ज्यावर मात्र कितीही उकडलं तरी झोपू नका.

परीक्षा याच दिवसांत असतात. अवघड विषय पहाटे घ्या, दुपार वाचनालयात किंवा तळमजल्याच्या कॉमन रूममध्ये काढा. तापलेल्या खोलीत हट्टाने बसून वाचलेलं फारसं डोक्यात राहत नाही.

कधी हे उपाय सोडून धावायचं

चक्कर, मळमळ, डोकेदुखी, पायात गोळे, भरपूर घाम: अशा वेळी त्या व्यक्तीला सावलीत आडवं करा, अंग ओलं करून वारा घाला, घोटघोट पाणी किंवा पाकिटावर लिहिल्याप्रमाणे बनवलेलं ओआरएस द्या. तासाभरात बरं वाटलं नाही तर डॉक्टरकडे न्या.

पण कुणी असंबद्ध बोलायला लागलं, ओळखेनासं झालं, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. अशा वेळी शरीराचं तापमान ४० च्या वर गेलेलं असतं. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही असं समजू नका, धावपळ करून आलेल्यांना घाम असतोही. रुग्णवाहिका बोलवा, आणि ती येईपर्यंत थांबून राहू नका: जादा कपडे काढा, अंगावर पाणी ओता, पंखा लावा, मान, काखा आणि जांघेत बर्फ ठेवा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही, कारण हा जंतूंमुळे आलेला ताप नाही.

सर्दी-अॅलर्जीच्या काही गोळ्या घाम कमी करतात. मानसिक आजारांवरची काही औषधं आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांमुळेही उष्णतेचा त्रास वाढू शकतो. औषध स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. रूममेटला तेवढं सांगून ठेवा.

रेक्टरांकडे अर्ज

"फार उकडतं" असं लिहिलेला अर्ज फाइलमध्ये जातो. आठवडाभराच्या नोंदींचा तक्ता जोडा: वार, वेळ, आतलं तापमान, बाहेरचं तापमान, आर्द्रता. त्याखाली मोजून तीन मागण्या करा आणि त्या स्वस्ताकडून महागाकडे लिहा: मजल्यावरच्या सगळ्या पंख्यांची तपासणी आणि कपॅसिटर बदल, झरोके आणि जाळ्यांची दुरुस्ती, गच्चीला पांढरा रंग. पहिल्या दोन बहुतेक चालू खर्चात बसतात आणि लवकर मंजूर होतात. रंगाला मात्र निविदा, मंजुरी, कोरडी गच्ची असं सगळं लागतं, त्यामुळे तो अर्ज थंडीतच द्यायचा. उन्हाळा डोक्यावर आल्यावर दिलेल्या अर्जाचा फायदा झालाच तर तुमच्या नंतर त्या खोलीत येणाऱ्यांना होतो.